स्वादुपिंडाची कॅप्सूल डुकरापासून बनते. मग मुस्लिम रुग्णाने काय करायचे?

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या शेळगाव परिसरात पोटाची तक्रार नवीन नाही. अंथुर्णे, निमगाव केतकी, लासुर्णे, कुठेही जा, मेडिकलमध्ये पोटाच्या औषधांचा खप मोठा. त्यातल्या बहुतेकांचा त्रास ॲसिडिटीचा नाहीतर गॅसचा असतो. पण काही जण असे असतात की जेवण अंगीच लागत नाही. पोटभर खातात, तरी वजन उतरत जाते. अशांपैकी काहींचे स्वादुपिंड बिघडलेले असते. मोठ्या दवाखान्यात निदान झाल्यावर डॉक्टर एक कॅप्सूल लिहून देतात आणि ती बहुधा कायमची घ्यावी लागते. या कॅप्सूलमधले औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात.

ही गोष्ट रुग्णाला बऱ्याचदा डॉक्टरांकडून कळतच नाही. ती कळते मेडिकलवाल्याकडून, एखाद्या नातेवाइकाकडून किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमधून. मग घरात गोंधळ उडतो. कोणी म्हणते फेकून द्या, कोणी म्हणते गुपचूप घ्या, कोणाला सांगू नका. रुग्ण दोन्हीकडून अडकतो. आम्ही शाळेत शिकवतो, मराठी आणि उर्दू दोन्ही वाचतो, म्हणून लोक औषधाची चिठ्ठी आणि पाकिटातला कागद समजून घ्यायला आमच्याकडे आणतात. आम्ही डॉक्टर नाही आणि मुफ्तीही नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचे, मुफ्तीसाहेबांसमोर कोणती माहिती ठेवायची आणि मधल्या काळात काय करू नये, एवढे नीट मांडता येईल, म्हणून हा लेख.

स्वादुपिंड म्हणजे काय?

मराठीत स्वादुपिंड, उर्दूत लबलबा, डॉक्टरांच्या तोंडी पॅन्क्रियाज. पोटात जठराच्या मागे आडवी असलेली ही ग्रंथी दोन कामे करते. पहिले काम सगळ्यांना माहीत आहे: इन्सुलिन बनवून रक्तातली साखर ताब्यात ठेवणे. दुसऱ्या कामाबद्दल कोणी बोलत नाही. रोज साधारण एक ते दीड लिटर पाचकरस बनवून ती तो आतड्यात सोडते. या रसात तीन प्रकारचे एन्झाइम असतात. अमायलेज भाकरी-भातातल्या पिठूळ भागाचे पचन करते, प्रोटीएज डाळ-मटणातल्या प्रथिनांचे आणि लायपेज तेल-तूप-चरबीचे.

पिठूळ पदार्थांसाठी तोंडातली लाळ थोडी मदत करते, प्रथिनांसाठी जठर करते. चरबीच्या बाबतीत मात्र जवळजवळ सगळी भिस्त स्वादुपिंडावर असते. म्हणून स्वादुपिंड बिघडले की सर्वांत आधी तेलकट खाणे पचेनासे होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अल्लाहने या अवयवाला ताकद भरपूर दिली आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1973 मध्ये दाखवून दिले की लायपेजचे प्रमाण नेहमीच्या 10 टक्क्यांच्या खाली गेल्यावरच शौचातून चरबी पडू लागते. म्हणजे लक्षण दिसते तोवर बहुतांश ताकद संपलेली असते. ‘बघू, होईल बरं’ म्हणत थांबण्यात अर्थ नाही तो यासाठी.

ओळखायचे कसे?

शौचाबद्दल बोलायला आपल्याकडे लाज वाटते, बायकांना तर फारच. पण या आजाराची खूण तिथेच सापडते. शौच भरपूर, फिकट, चिकट आणि तेलकट होते. वास नेहमीपेक्षा उग्र येतो. पाण्यावर तरंगते, दोन-तीन वेळा पाणी टाकले तरी जात नाही. सोबत पोट फुगणे, गुडगुडणे, जेवणानंतर कळ येणे. वजन घटते. चरबीबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. त्यामुळे काहींना अंधारात कमी दिसू लागते, हाडे ठिसूळ होतात, साध्या धक्क्याने अंगावर काळे-निळे डाग पडतात.

सगळ्यांमध्ये सगळी लक्षणे दिसत नाहीत. काही जण तेलकट खाल्ले की त्रास होतो म्हणून आपोआप तेल सोडतात. त्यांचे शौच ठीक दिसते, पण वजन उतरतच राहते. शंका आली तर डॉक्टर शौचाची एक तपासणी सांगतात, तिचे नाव फीकल इलास्टेज. एक ग्रॅम शौचात हे प्रमाण 200 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले तर स्वादुपिंड कमी पडत असल्याचा संशय बळावतो. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडातले खडे, सुकलेपणा दिसू शकतो.

‘पीत असेल’ हा शिक्का

आता थोडे कडू बोलायचे आहे. स्वादुपिंडाचा आजार म्हटले की लोकांच्या डोक्यात पहिली दारू येते. दारू हे मोठे कारण आहे, यात वाद नाही. पण ते एकमेव कारण नाही. पित्ताशयातला खडा सरकून स्वादुपिंडाला सूज येते. रक्तातली एक प्रकारची चरबी फार वाढली तरी येते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये किंवा त्याचा भाग काढून टाकण्याच्या ऑपरेशननंतरही पाचकरस कमी पडतो.

आणि आपल्या देशात एक वेगळाच प्रकार आढळतो. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या तरुण मुला-मुलींच्या स्वादुपिंडात खडे होतात, पोटात कळा येतात, पुढे शुगर होते. केरळमधील डॉ. जीवर्गीस यांनी 1960 च्या दशकात असे कितीतरी रुग्ण अभ्यासले. हैदराबादच्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवले की अशा भारतीय रुग्णांपैकी अनेकांमध्ये स्पिंक-1 नावाच्या जनुकात बदल असतो. म्हणजे काहींना हा आजार होण्याची शक्यता जन्मापासूनच जास्त असते.

हे सांगण्याचे कारण असे की मोहल्ल्यात एखाद्या तरुणाला हा आजार निघाला की ‘लपून पीत असेल’ अशी कुजबुज सुरू होते. मुलीचे लग्न जमायचे असेल तर घरचे आजारच लपवतात. कोणाच्या मागे असा संशय पसरवणे आपल्या दीनमध्ये किती मोठा गुन्हा मानला आहे, ते वेगळे सांगायला नको. या कुजबुजीला घाबरून माणूस तपासणीला जात नाही, हे नुकसान तर रोजचे आहे.

तंबाखूचेही सांगितले पाहिजे. विडी-सिगारेटमुळे हा आजार होण्याची शक्यता वाढते आणि झालेला आजार वेगाने पुढे जातो. दारू न पिणारा माणूस ‘आपण तर काही घेत नाही’ म्हणत विड्या ओढत असेल, तर तो स्वतःला फसवतोय. गुटखा, तंबाखू आणि घरातल्या बायकांची मिश्रीही सोडलेलीच बरी.

ही कॅप्सूल नेमके काय करते?

औषधाचे नाव पॅन्क्रिएटिन. बाजारात ते क्रिऑन आणि इतर काही नावांनी मिळते. कॅप्सूल उघडून पाहिली तर आत बारीक दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यावर एक लेप असतो. जठरातल्या आम्लात लायपेज नष्ट होते, म्हणून हा लेप त्याला तिथे वाचवतो आणि आतड्यात पोचल्यावर विरघळतो. मग हे एन्झाइम अन्नात मिसळून पचन करतात.

ही कॅप्सूल स्वादुपिंड बरे करत नाही. जे काम ते करू शकत नाही ते बाहेरून भरून काढते. चष्मा लावल्याने डोळे सुधारत नाहीत, पण दिसते, तसेच हे. त्यामुळे ‘आता बरं वाटतंय, बंद करू’ असे चालत नाही.

पाचनाची जी साधी सिरप आणि गोळ्या कोणत्याही दुकानात मिळतात, त्या याला पर्याय नाहीत. त्यांतल्या बऱ्याचशांमध्ये बुरशीपासूनचा डायस्टेस आणि पपईतला पपेन असतो. ते पिठूळ पदार्थ आणि प्रथिनांवर काम करतात. चरबीसाठी लागणारे लायपेज त्यात पुरेसे नसते. ‘हे पण एन्झाइमच आहे, स्वस्त आहे, हलाल आहे’ म्हणून कोणी ते हातात ठेवले तर वजन उतरायचे थांबणार नाही.

डुकराचेच का? दुसरे काही नाही का?

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर इन्सुलिनच्या गोष्टीतून समजते. 1922 मध्ये कॅनडात माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले. त्यानंतर कित्येक दशके इन्सुलिन गाय-बैल आणि डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढत होते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या रुग्णांनी तेच टोचून घेतले. 1982 मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला मंजुरी मिळाली आणि हळूहळू हा प्रश्न संपला.

मग एन्झाइमचे तसे का झाले नाही? इन्सुलिन हे एकच छोटे प्रथिन आहे आणि अगदी थोडे लागते. दिवसाला 40 युनिट घेणाऱ्याच्या शरीरात जेमतेम दीड मिलिग्रॅम इन्सुलिन जाते. पॅन्क्रिएटिन हे अनेक एन्झाइमचे मिश्रण आहे. 25,000 युनिटच्या एका कॅप्सूलमध्ये ते साधारण 300 मिलिग्रॅम असते. दिवसाला सहा कॅप्सूल म्हटल्या तरी जवळपास दोन ग्रॅम झाले, म्हणजे इन्सुलिनच्या हजारपटीहून जास्त. शिवाय ते आतड्यात योग्य वेळी, योग्य जागी काम करणारे हवे.

प्रयत्न झाले आहेत. लिप्रोटामेज नावाचे औषध डुकराशिवाय बनवले होते, पण 2011 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्याला मंजुरी दिली नाही. गाईच्या स्वादुपिंडापासूनचे औषधही पूर्वी वापरात होते, पण त्यात लायपेज कमी भरते. आज जगभर डॉक्टर ज्यावर विसंबतात ते डुकरापासूनचेच पॅन्क्रिएटिन आहे. सौदी असो, इंडोनेशिया असो, लायपेज कमी पडलेल्या रुग्णासमोर प्रश्न तोच येतो.

आणि हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. आमच्याच भागातून पालखी जाते. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याला किंवा जैन शेजाऱ्याला ही कॅप्सूल लिहून दिली तर त्यालाही तेवढाच धक्का बसतो. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण बंधनकारक असतो, तसा औषधांवर नाही. म्हणून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांवर येते. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना सूचनाच आहे की हे औषध डुकरापासून आहे हे रुग्णाला आधी सांगा. आपल्याकडेही डॉक्टरांनी दोन वाक्यांत हे सांगितले आणि का गरजेचे आहे ते समजावले, तर रुग्ण नंतर बाहेरून ऐकून औषध टाकून देणार नाही.

शरीअत काय म्हणते?

डुक्कर हराम आहे, यात कोणाचेच दुमत नाही. पण ज्या आयतीत ते हराम ठरवले, त्याच सूरह बकरहच्या 173 व्या आयतीत नाइलाज झालेल्या माणसाला सूटही दिली आहे. अट एवढीच की त्याची तशी इच्छा नसावी आणि त्याने गरजेची हद्द ओलांडू नये. यावरून फुकहांनी नियम काढला की खरी मजबुरी असेल तेव्हा मनाई सैल होते, आणि तीसुद्धा मजबुरीपुरतीच.

काही जण म्हणतात, हरामच्या वस्तूत शिफा ठेवलेलीच नाही अशी रिवायत आहे, मग औषध कसे चालेल? अनेक उलेमांनी याचा अर्थ असा सांगितला आहे की हलाल इलाज हाताशी असताना हरामकडे जाऊ नये. ते रेशमाचे उदाहरणही देतात. पुरुषांना रेशीम मना आहे, पण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आणि हजरत जुबैर यांना अंगाला खाज होती म्हणून रसूलुल्लाह ﷺ यांनी रेशीम घालायची परवानगी दिली होती, असे हदीसमध्ये आहे.

आपल्या भागात बहुतेक लोक हनफी आहेत. हनफी उलेमांनी अशा इलाजाला परवानगी देताना साधारण अशा अटी सांगितल्या आहेत: हलाल पर्याय मिळत नसावा, फायदा होईल असे जाणकार आणि भरवशाच्या डॉक्टराने सांगितलेले असावे आणि वापर गरजेइतकाच असावा. काही उलेमा ‘इस्तिहाला’चा मुद्दा मांडतात, म्हणजे मूळ वस्तूचे रूप पूर्ण बदलले तर हुकूमही बदलतो. कुवेतमध्ये 1995 साली झालेल्या उलेमा आणि डॉक्टरांच्या परिषदेत जिलेटिनबद्दल असाच विचार मांडला गेला. पण पॅन्क्रिएटिनमधले एन्झाइम बदललेले नसतात, ते जसेच्या तसे काम करतात म्हणून तर औषध चालते. त्यामुळे आमच्या समजुतीप्रमाणे इथे खरा आधार मजबुरीचा आहे, रूप बदलण्याचा नाही.

फतवा देणे आमचे काम नाही. पण मुफ्तीसाहेबांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. ‘डुकराचं औषध चालतं का?’ एवढाच प्रश्न विचारला तर उत्तरही तेवढेच मिळेल. डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर लिहून न्या: आजाराचे नाव, औषधात काय आहे, न घेतल्यास काय होईल आणि दुसरा परिणामकारक पर्याय मिळतो का. मग आलेले उत्तर तुमच्या परिस्थितीचे असेल. आणि उत्तर येईपर्यंत स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. बंद करायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

घ्यायची पद्धत

बऱ्याच जणांचा अनुभव असतो की ‘घेतो, पण फरक नाही’. कारण घेण्याची वेळ चुकते. सवयीने माणूस सगळी औषधे जेवणानंतर पाण्याबरोबर घेतो. ही कॅप्सूल तशी चालत नाही.

– पहिल्या घासाबरोबर घ्या. दोन-तीन कॅप्सूल असतील तर एक सुरुवातीला, बाकीच्या जेवता जेवता. उपाशीपोटी किंवा हात धुतल्यावर घेतली तर वाया गेली समजा.

– डोस डॉक्टर ठरवतात. मोठ्या माणसांत मुख्य जेवणाबरोबर साधारण 40,000 ते 50,000 युनिट आणि मधल्या खाण्याबरोबर त्याच्या निम्म्याने सुरुवात करतात. गरजेप्रमाणे वाढवतात. स्वतः वाढवू नका, विशेषतः मुलांच्या बाबतीत.

– चावू नका, गरम चहाबरोबर घेऊ नका. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात मिसळून लगेच गिळावेत, पण दाणे चावू नयेत. ते तोंडात राहिले तर तोंड येते.

– भाकरी-कालवण, रस्सा, अंडी, शेंगदाण्याची चटणी, ग्लासभर दूध, या सगळ्यांबरोबर लागते. नुसते फळ, कोरा चहा किंवा दोन खजुरांबरोबर सहसा लागत नाही.

– उन्हापासून जपा. औषध 25 अंशांच्या खाली ठेवायला सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याचे घर किंवा गाडीची डिकी म्हणजे भट्टीच. घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या जागी ठेवा आणि महिन्याला लागेल तेवढेच आणा.

– तेल-तूप पूर्ण बंद करू नका. आधीच वजन घटलेल्या माणसाने चरबी सोडली तर आणखी खंगतो. थोडे थोडे, पाच-सहा वेळा खावे.

– इतके करूनही फरक नसेल तर डॉक्टरांना सांगा. काहींना डोस वाढवावा लागतो, काहींना आम्ल कमी करणारी गोळी जोडावी लागते.

रमजानमध्ये

ज्यांना स्वादुपिंडाच्या आजारामुळे शुगरही आहे आणि इन्सुलिन चालू आहे, त्यांची साखर अचानक खाली जाण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अशांनी रोजा धरण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. आजारी माणसाला रोजा सोडण्याची सवलत आहे, कायमच्या आजाऱ्यासाठी फिदया आहे. ही सवलत घेतली म्हणून ईमान कमी होत नाही. ज्यांना परवानगी मिळाली त्यांनी सहेरी आणि इफ्तारच्या जेवणात कॅप्सूल घ्यावी. खजूर आणि पाण्याने रोजा उघडा, मगरिब पढा आणि नंतर जेवायला बसताना पहिल्या घासाला घ्या. भजी-समोशाची प्लेट मात्र आधीच उचलायची असेल, तर कॅप्सूलही तेव्हाच. ईदच्या शिरखुर्म्याबरोबरही लागते, हे विसरू नका.

खर्च आणि मदत

हे औषध महाग आहे आणि रोज लागते. शेतमजुरी किंवा कारखान्यावर हंगामी काम करणाऱ्या घराला ते झेपत नाही, म्हणून लोक तीनऐवजी एक घेतात आणि मग ‘गुण नाही’ म्हणतात. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्याचे ससून इथे तपासणी करून घ्या. योजनेत काय बसते ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. डॉक्टरांना त्याच ताकदीची स्वस्त कंपनी विचारायला लाजू नका.

जमातीकडेही एक काम आहे. जकातीच्या पैशातून आपण रेशन देतो, लग्नाला मदत करतो. मोहल्ल्यात जो गरजू रुग्ण जकातीस पात्र आहे, त्याचे महिन्याचे औषध भरून देणे हेसुद्धा त्यातच येते. यासाठी त्याचे नाव मशिदीत जाहीर करायची गरज नाही. मेडिकलवाल्याकडे पैसे भरले की झाले. जुम्माच्या बयानात इमामसाहेबांनी कधी पाच मिनिटे या विषयावर घेतली, तर जे घरात गुपचूप औषध टाकून बसले आहेत त्यांच्यापैकी एखादा तरी पुन्हा डॉक्टरांकडे जाईल, इन्शाअल्लाह.